पोटॅशियम १६, एएलपी १४: एन्झाइम आहे, पण त्याचा कोफॅक्टर कुठे गेला?

लालझाकण

डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) आणि बायोकेमिस्ट्रीच्या मंडळींसाठी एक रिपोर्ट. पोटॅशियम १६.२ मिमोल प्रति लिटर, कॅल्शियम १ मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्याही खाली, अल्कलाइन फॉस्फेटेज (पुढे एएलपी) १४ युनिट प्रति लिटर. सोडियम, क्रिएटिनिन, बिलिरुबिन, एएलटी (यकृताचं एन्झाइम) सगळं ठीक. पेशंट स्वतःच्या पायांनी चालत येऊन रक्त देऊन गेलेला.

पोटॅशियम खरंच इतकं असतं तर हृदय केव्हाच थांबलं असतं, म्हणजे आकडा खोटा हे उघड आहे. वर्गात विचारलं की पहिलं उत्तर हमखास 'हिमोलिसिस' (तांबड्या पेशी फुटणं) असं येतं. पण हिमोलिसिसने पोटॅशियम चढतं, कॅल्शियम का पडावं? आणि एएलपीसारखं एन्झाइम का गप्प बसावं? कारण नुसतं सांगू नका, एन्झाइम आणि त्याचा कोफॅक्टर (काम करायला सोबत लागणारा धातू किंवा लहान रेणू) यांच्या पातळीवर काय घडलं ते लिहा.

जांभळी_नळी

ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू नये म्हणून नळीत घातलेलं, धातूंचे आयन पकडणारं रसायन. सिरिंजने काढलेलं रक्त आधी जांभळ्या झाकणाच्या नळीत भरलं, ते जास्त झालं म्हणून उरलेलं लाल झाकणाच्या नळीत ओतलं. दुसरं काही नाही.

हिशोब मांडते. जांभळ्या नळीत डायपोटॅशियम ईडीटीए असतं, साधारण १.८ मिग्रॅ दर मिली रक्ताला. म्हणजे लिटरमागे सुमारे ४.४ मिमोल. दर रेणूमागे दोन पोटॅशियम, म्हणजे ८.९ मिमोल. हे सगळं पेशींबाहेरच राहतं आणि रक्तात प्लाझ्मा ५५ टक्के धरला, तर प्लाझ्मात पोटॅशियम सुमारे १६ ने वाढतं. मूळचं ४ धरलं तर २० व्हायला हवं. इथे १६.२ आहे, म्हणजे लाल नळीतला सुमारे तीन-चतुर्थांश भाग जांभळ्यातून आलेला आहे.

आता त्या प्लाझ्मात ईडीटीए झालं ६ मिमोल. रक्तातलं एकूण कॅल्शियम २.२ ते २.६ आणि मॅग्नेशियम ०.७ ते १.० मिमोल. दोन्ही गिळूनही ईडीटीए शिल्लक राहतं, आणि ते झिंकवर तुटून पडतं. पकड किती घट्ट ते बंधन-स्थिरांकाच्या लॉगवरून कळतं: मॅग्नेशियम ८.७, कॅल्शियम १०.७, झिंक १६.५. कॅल्शियमपेक्षा झिंकची पकड जवळपास दहा लाख पटीने जास्त.

एएलपीच्या प्रत्येक सक्रिय जागेत दोन झिंक आणि एक मॅग्नेशियम बसलेलं असतं. फॉस्फेटचा गट धरायचं आणि पाण्याचा रेणू त्याच्यावर हल्ला करण्याजोगा करायचं काम त्या झिंकचं. झिंक गेलं की प्रोटीन जागेवर, आकार बराचसा तसाच, पण काम शून्य. अशा रिकाम्या प्रोटीनला अॅपोएन्झाइम म्हणतात, धातूसकट पूर्ण असेल तर होलोएन्झाइम.

चौकस_चिमणी

जांभळीताई, एक अडतंय. एएलपीच्या रिएजंटमध्ये झिंक आणि मॅग्नेशियम घातलेलंच असतं ना? आणि सीरम तर त्यात चांगलं पातळ होतं. मग तिथे एन्झाइमला धातू परत मिळायला नको का?

जांभळी_नळी

प्रश्न बरोबर आहे. आयएफसीसीच्या (क्लिनिकल केमिस्ट्रीची आंतरराष्ट्रीय संघटना) पद्धतीत झिंक सल्फेट १ मिमोल, मॅग्नेशियम अॅसिटेट २ मिमोल आणि एचईडीटीए (ईडीटीएचाच भाऊबंद) २ मिमोल असतं. बफर एएमपी, पीएच १०.२ च्या आसपास, आणि तयार होणारा पिवळा नायट्रोफिनॉल ४०५ नॅनोमीटरला वाचायचा. सीरम पन्नास पट पातळ झालं असं धरलं तर नमुन्यातून आलेलं ईडीटीए उरतं ०.१२ मिमोल. रिएजंटमधल्या धातूंपुढे ते किरकोळ आहे.

पण नुकसान क्युव्हेटमध्ये (मशीन वाचतं त्या छोट्या पारदर्शक भांड्यात) नाही, नळीतच झालेलं असतं. धातू परत योग्य जागी बसायला वेळ लागतो आणि मशीन तर काही मिनिटांत वाचन उरकतं. शिवाय धातू गेलेलं प्रोटीन तितकंसं टिकाऊ नसतं. नमुना जितका वेळ ईडीटीएत पडून, तितकं परत उभं राहणं अवघड. म्हणून वरून झिंक टाकून असला नमुना 'दुरुस्त' करायला जाऊ नये. फेकायचा आणि नवीन रक्त मागायचं.

रिएजंटमध्ये एचईडीटीए का, असाही प्रश्न येईल. मोकळं झिंक जास्त झालं तरी एएलपी दबतं, कारण जादा झिंक मॅग्नेशियमच्या जागेत घुसतं. एचईडीटीए झिंक धरून ठेवतं आणि लागेल तसं सोडतं, म्हणून मोकळ्या धातूची पातळी स्थिर राहते. धातू-बफरच तो.

लालझाकण

नेमकं हेच उत्तर हवं होतं. एक पुरवणी: १६ चं पोटॅशियम कोणीही पकडतं. घोळ होतो तो थोड्याशा मिसळणीत. पोटॅशियम ५.९, कॅल्शियम सीमेवर, एएलपी जरासं कमी, आणि सगळं खरं वाटणारं. तिथे औषध सुरू होण्याचा धोका असतो. शंका आली की त्याच नमुन्यात मॅग्नेशियम तपासा. तेही खाली असेल तर नळीचीच भानगड समजा. रक्त भरायचा क्रम: ब्लड कल्चर, निळं सायट्रेट, लाल किंवा पिवळं सीरम, हिरवं हेपारिन, जांभळं ईडीटीए, शेवटी करडं फ्लोराइड.

कोरा_कागद

सरसकट 'कमी एएलपी म्हणजे ईडीटीए' असं मात्र करू नका. फक्त एएलपी कमी आणि पोटॅशियम-कॅल्शियम ठीक असेल तर झिंकची कमतरता, कुपोषण, हायपोथायरॉइड, आणि क्वचित हायपोफॉस्फेटेशिया हा जनुकीय आजार. शेवटच्यात मजा अशी की एएलपीचं एक रोजचं काम म्हणजे पायरिडॉक्सल फॉस्फेटवरचा (बी-६ जीवनसत्त्वाचं कामाचं रूप, पुढे पीएलपी) फॉस्फेट काढणं. फॉस्फेट निघाल्याशिवाय बी-६ पेशीत शिरत नाही. एएलपीच नाही, म्हणून रक्तात पायरिडॉक्सल फॉस्फेट साचतं आणि मेंदूच्या पेशींना मात्र ते मिळत नाही. तान्ह्या मुलांत त्यामुळे झटके येतात. एका एन्झाइमचा बिघाड दुसऱ्या पन्नास एन्झाइमांच्या कोफॅक्टरचा पुरवठा तोडतो.

चौकस_चिमणी

पायरिडॉक्सल फॉस्फेट म्हणजे एएलटी-एएसटीच्या किटवर 'पी५पी सह' असं लिहिलेलं असतं तेच का? त्याने रिझल्ट बदलतो का?

क्युव्हेट

तेच, आणि बदलतो. एएलटी आणि एएसटी ही दोन्ही ट्रान्सअमायनेज. त्यांच्या एका लायसिनला पीएलपी चिकटलेलं असतं आणि अमिनो गट आधी त्याच्यावर चढतो, मग दुसऱ्या आम्लावर उतरतो. पीएलपीविना हा हस्तांतराचा खेळच नाही.

सीरममध्ये या एन्झाइमांचा काही भाग रिकामा, पीएलपीविना फिरत असतो. डायलिसिसवरचे पेशंट, दारूमुळे यकृत बिघडलेले, नीट न जेवणारी म्हातारी माणसं यांच्यात हा रिकामा भाग मोठा. रिएजंटमध्ये ०.१ मिमोल पीएलपी असेल आणि सीरम त्याच्यासोबत थोडा वेळ ३७ अंशांवर ठेवलं असेल तर रिकामं एन्झाइमही भरून कामाला लागतं आणि एकूण एन्झाइम मोजलं जातं. पीएलपी नसलेल्या किटमध्ये फक्त आधीच भरलेलं एन्झाइम मोजलं जातं. दोन्ही प्रकारची किट बाजारात आहेत. म्हणून एका लॅबचा एएलटी ३८ आणि दुसरीचा ५१ आला तर लगेच कुणाला वेड्यात काढू नका, आधी पद्धत विचारा. किट बदललं की संदर्भ-मर्यादाही बदलायला हव्यात. हे बऱ्याच ठिकाणी राहून जातं.

पीएलपी उजेडात खराब होतं. पारदर्शक बाटलीत खिडकीशी ठेवलेलं रिएजंट हळूहळू 'पीएलपीविना' किट होत जातं आणि कंट्रोलचे आकडे आठवड्याभरात खाली घसरतात.

टीबीच्या औषधातलं आयसोनियाझिड पायरिडॉक्सलशी थेट जुळतं आणि ते कामातून जातं. म्हणून त्यासोबत डॉक्टर पायरिडॉक्सिन देतात, सहसा रोज १० ते २५ मिग्रॅ. हातापायाला मुंग्या येतात त्याचं मूळ इथे आहे.

गणपुले_नव्हे

इथे एक भेद नीट करून घ्यायला हवा. झिंक, पीएलपी, एनएडी (हायड्रोजनची ने-आण करणारा लहान रेणू; भरलेलं रूप एनएडीएच) या सगळ्यांना 'मदतनीस' म्हणून एकाच पंगतीत बसवलं की पुढे गोंधळ होतो.

झिंक आणि हीम एन्झाइमात रुतून बसतात, प्रत्येक फेरीनंतर तिथेच असतात. पीएलपीचं तेच. एनएडी तसं नाही. ते येतं, हायड्राइड घेतं किंवा देतं, बदलून निघून जातं, आणि त्याला परत पूर्वपदावर आणायचं काम वेगळंच एन्झाइम करतं. म्हणजे एन्झाइमच्या दृष्टीने एनएडीएच हा खपणारा माल आहे, सबस्ट्रेटच. त्यामुळे झिंक एन्झाइमच्या रेणूंच्या हिशोबात पुरेसं होतं, एनएडीएच मात्र अभिक्रियेच्या हिशोबात पुरावं लागतं.

याचं व्यावहारिक टोक एएलटीमध्येच दिसतं. अॅलॅनिनपासून पायरुव्हेट होतं, त्याचं एलडीएच हे दुसरं एन्झाइम लॅक्टेट करतं आणि त्यात एनएडीएच खपतं. ३४० नॅनोमीटरला किती उतरलं ते आपण वाचतो. रिएजंटमध्ये एनएडीएच ०.१८ मिमोल, मोलर अवशोषण ६२२० धरलं तर १ सेंमीच्या क्युव्हेटमध्ये सुरुवातीचं वाचन सुमारे १.१२. आता एएलटी ३००० युनिटचा नमुना घ्या, तीव्र कावीळ समजा. बारा पट पातळ झाल्यावर क्युव्हेटमध्ये दर मिनिटाला ०.२५ मिमोल एनएडीएच खपणार. आहे किती? ०.१८. म्हणजे ४५ सेकंदांच्या आत खेळ खलास, आणि मशीनचं वाचन सुरू होईपर्यंत रेषा सपाट. जुन्या सेमी-ऑटोवर तेव्हा एएलटी '२२' छापून येतो आणि कावीळ झालेल्या माणसाचं यकृत उत्तम ठरतं.

उपाय: पहिलं वाचन पाहा. नमुना घातल्यावर ते ०.५ च्या खाली असेल तर आकडा सोडून द्या, सलाइनमध्ये दहा पट पातळ करून परत लावा.

क्युव्हेट

+१. याला जोडून: एनएडीएच आम्लात मरतं, एनएडी अल्कलीत मरतं. उलटं लक्षात ठेवलं तर वाट लागते. एनएडीएचचं द्रावण पीएच ८ ते ९ च्या आसपास, थंड, अंधारात. फॉस्फेट बफरमध्ये ते लवकर उतरतं, ट्रिसमध्ये जास्त टिकतं. रिएजंट एकटंच ३४० ला वाचायची सवय ठेवा, १.१ च्या जागी ०.७ आलं तर बाटलीवरची एक्स्पायरी काहीही म्हणो, ती गेली. एनएडीपासून सुरू होणाऱ्या एलडीएच पद्धतीत हे उलटं असतं, तिथे कोरं रिएजंट शून्याजवळ असायला हवं.

पाटी_पेन्सिल

बी. एस्सी.च्या प्रॅक्टिकलला घेता येईल असं काही सांगा. लाळेतलं अमायलेज आणि क्लोराइड हा प्रयोग पुस्तकात आहे, पण क्लोराइड घातलं काय नि न घातलं काय, आयोडीनचा निळा रंग एकाच वेळी जातो.

जांभळी_नळी

कारण लाळेतच क्लोराइड असतं. ते काढल्याशिवाय फरक दिसणार कसा? रीत अशी:

तोंड धुऊन साधारण २ मिली लाळ, कापसातून गाळून, ऊर्ध्वपातित पाण्यात दहा पट पातळ. १२ ते १४ किलोडाल्टनच्या डायलिसिस पिशवीत भरून रात्रभर फ्रीजमध्ये ऊर्ध्वपातित पाण्यात, तीनदा पाणी बदलून. अमायलेज ५६ किलोडाल्टनच्या आसपास, ते आत राहतं. क्लोराइड बाहेर पडतं. मग दोन नळ्या. दोन्हींत १ टक्का स्टार्च ५ मिली आणि ६.८ पीएचचा फॉस्फेट बफर २ मिली. एकीत १ टक्का मीठ १ मिली, दुसरीत पाणी १ मिली. ३७ अंशांवर पाच मिनिटं ठेवून लाळ १ मिली, आणि दर ३० सेकंदांनी टाइलवरच्या आयोडीनमध्ये एक थेंब. मिठाच्या नळीत निळा रंग लवकर जातो, पाण्याच्या नळीत बराच रेंगाळतो.

कुठे फसतं? बफरचा पीएच हायड्रोक्लोरिक आम्लाने जुळवला, म्हणजे आपणच क्लोराइड ओतलं. सोडियमचे दोन फॉस्फेट मिसळूनच पीएच आणा. नळाचं पाणी चालणार नाही. आणि कोणी सुचवतं की सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइडचा साका पाडा: नको, चांदीचे आयन एन्झाइमलाच मारतात, मग कशाचा परिणाम पाहिला ते कळत नाही.

अमायलेजला कॅल्शियमही लागतं, पण ते आत घट्ट बसलेलं असतं आणि घडी सांभाळतं. साध्या डायलिसिसने ते सहसा निघत नाही. क्लोराइड सैल बसतं, सक्रिय जागेजवळचे भार जुळवून देतं. म्हणून एकच डायलिसिस एकाला काढतं, दुसऱ्याला नाही.

गणपुले_नव्हे

कोफॅक्टर ही कल्पनाच डायलिसिससारख्या गाळणीतून आली. १९०६ मध्ये हार्डन आणि यंग यांनी यीस्टचा रस गाळून दोन भाग केले. एकटा कुठलाही भाग साखर आंबवेना, एकत्र केले की लगेच सुरू. लहान रेणूंचा भाग उकळला तरी चालायचा, मोठ्या रेणूंचा उकळला की संपला. त्या उकळी सोसणाऱ्या भागात पुढे एनएडी सापडलं. प्रॅक्टिकलला हीच कसोटी आजही वापरा: उकळलेला अर्क घातल्यावर काम परत आलं तर हरवलेली गोष्ट प्रोटीन नाही.

गोडघाशा

करड्या नळीतल्या फ्लोराइडचाही इथे संबंध आहे का?

लालझाकण

थेट आहे. ग्लायकोलिसिसमधलं (पेशीत ग्लुकोज तोडणारी एन्झाइमांची साखळी) एनोलेज मॅग्नेशियमवर चालतं. फ्लोराइड, फॉस्फेट आणि मॅग्नेशियम मिळून सक्रिय जागेत गठ्ठा करून बसतात आणि एनोलेज अडतं. पण एनोलेज साखळीत फार खाली आहे. वरचं हेक्सोकायनेज काही काळ ग्लुकोज ओढतच राहतं, म्हणून पहिल्या तासा-दोन तासांत करड्या नळीतही साखर थोडी उतरते. फ्लोराइड नसलेल्या नळीत ती खोलीच्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के उतरत राहते. 'करड्या नळीत काढलंय, संध्याकाळी पाठवू' हे अर्धसत्य. लवकर सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा वेगळा करणं केव्हाही चांगलं. सायट्रेटने आम्ल केलेल्या नळ्या मिळतात, त्यात हेक्सोकायनेजच लगेच थंडावतं.

आणि करड्या नळीतून युरिया लावू नका. युरिया मोजतात तो युरियेज या एन्झाइमने; त्याच्या सक्रिय जागेत दोन निकेल असतात, फ्लोराइड तिथेही आडवं येतं. युरियेज हे स्फटिकरूपात मिळालेलं पहिलं एन्झाइम, समनरने १९२६ मध्ये मिळवलं. त्यात निकेल आहे हे १९७५ पर्यंत कोणाला ठाऊक नव्हतं.

तिखटजाळ

सगळं वाचून वाटतं रोज बी-कॉम्प्लेक्सच्या दोन गोळ्या घ्याव्यात, सगळी एन्झाइम टकाटक 😀

कोरा_कागद

एन्झाइमच्या जागा भरल्या की वरचं जीवनसत्त्व लघवीत जातं. पाट वीस असतील तर चाळीस पाहुणे बोलावून पंगत मोठी होत नाही.

जागा रिकाम्या आहेत का, हे मोजता येतं. तांबड्या पेशींतलं ट्रान्सकीटोलेज मोजायचं, मग त्याच नमुन्यात थायमिन पायरोफॉस्फेट (थायमिनचं, म्हणजे बी-१ चं, कोफॅक्टर रूप) घालून परत मोजायचं. काम २५ टक्क्यांहून जास्त वाढलं तर बी-१ ची खरी कमतरता, १५ ते २५ म्हणजे काठावर. रायबोफ्लेविनसाठी (बी-२) ग्लुटाथायोन रिडक्टेजवर एफएडी (त्याचं कोफॅक्टर रूप) घालून हेच करतात; गुणोत्तर १.४ च्या वर गेलं तर कमतरता. रक्तातली जीवनसत्त्वाची नुसती पातळी पाहण्यापेक्षा ही चाचणी मला जास्त प्रामाणिक वाटते, कारण ती एन्झाइमलाच विचारते.

उपाशी किंवा दारूच्या आहारी गेलेल्या माणसाला आधी थायमिन आणि मग ग्लुकोज, यामागेही हेच. पायरुव्हेट डिहायड्रोजनेज थायमिनविना बंद. ग्लुकोज ओतलं की उरलंसुरलं थायमिन संपतं आणि मेंदूला वर्निकेचा (थायमिनअभावी होणारा मेंदूचा आजार) धोका.

गोळ्यांबद्दल आणखी एक. केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन ५ ते १० मिग्रॅ असतं, रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास. एन्झाइमला त्याचा उपयोग नाही, पण स्ट्रेप्टॅव्हिडिन-बायोटिनवर चालणाऱ्या हार्मोनच्या चाचण्या त्याने बिघडतात: टीएसएच खोटं कमी, टी४ खोटं जास्त, म्हणजे कागदावर ठणठणीत हायपरथायरॉइड. चाचणीआधी निदान ८ तास, डोस मोठा असेल तर दोन-तीन दिवस गोळी बंद, आणि लॅबला सांगायचं. बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

चौकस_चिमणी

शेवटचा प्रश्न, थोडा बाजूचा. पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती काढायच्या पद्धतीत) बँड येत नाही. डीएनए टीई बफरमध्ये आहे. ईडीटीएचाच प्रताप असेल का?

क्युव्हेट

असू शकतो, हिशोब करा. प्रती काढणारं एन्झाइम टॅक पॉलिमरेज, त्याच्या सक्रिय जागेत दोन मॅग्नेशियम लागतात. नेहमीचं १.५ मिमोलर. त्यातलं डीएनटीपी (डीएनएचे चार सुटे घटक) प्रत्येकी ०.२, म्हणजे एकूण ०.८ मिमोलर, जवळपास एकास एक धरून ठेवतात. उरलं ०.७. टीईमध्ये ईडीटीए १ मिमोलर. २५ मायक्रोलिटरच्या अभिक्रियेत त्यातले १० घातले तर ०.४ गेलं. मोकळं राहिलं ०.३, त्यात बँड फिका किंवा गायब. १ मायक्रोलिटर घातलं असेल तर ०.०४, त्याला घाबरू नका, कारण दुसरीकडे शोधा.

२५ मिमोलर मॅग्नेशियम क्लोराइडचे ०.५ मायक्रोलिटर घातले की २५ च्या अभिक्रियेत ०.५ मिमोलर वाढतं. १.५ पासून ४ पर्यंत अर्ध्या-अर्ध्याने सहा नळ्या लावा. फार वर गेलात तर चुकीच्या जागी प्रायमर चिकटून नको ते बँड येतात आणि टॅक चुकाही जास्त करतं. मॅग्नेशियमची नळी वितळल्यावर व्हॉर्टेक्स कराच; गोठताना क्षार तळाशी दाट होतो आणि वरून काढलेलं जवळजवळ पाणी असतं. पुढच्या वेळी डीएनए ०.१ मिमोलर ईडीटीएच्या टीईत किंवा ८.५ पीएचच्या ट्रिसमध्ये ठेवा. डीएनए रक्तातून काढलं असेल तर हीमही टॅकला दाबतं, तिथे मॅग्नेशियम वाढवून भागत नाही. डीएनए दहा पट पातळ करून एक नळी शेजारी लावा, पातळ केलेल्यात बँड आला तर दोष नमुन्यातून आलेल्या अडथळ्याचा; तो हीम की ईडीटीए, हे मॅग्नेशियमच्या नळ्यांवरून ठरवा, कारण पातळ केल्याने दोन्ही कमी होतात.

चौकस_चिमणी

८ मायक्रोलिटर घालत होते. दोन्ही प्रकारे लावून बघते, धन्यवाद.